तस्नीमच्या डोक्यातला अवधूत

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. पैज लावायची असेल तर आजऱ्याच्या आठवडी बाजारात, भर दुपारी लावावी. सोळा वर्षांचा एक मुलगा तापाने गेला आणि काही वर्षांनी इंग्रजीच्या तासाला परत आला. आईच्या पोटी नव्हे, दहावीतल्या एका मुलीच्या डोक्यात. बापाने त्याला शब्दाशब्दाने घडवला, आणि आईने त्याला पडद्यावर बघून "आला गं माझा" म्हणत पदर तोंडात कोंबला. हे ऐकून जो "काय तरी थापा" असं पुटपुटत पिशवी उचलून चालू लागेल, तो शहाणाच म्हणायचा.

बाप म्हणजे पुंडलिक होडगे सर. पंचक्रोशीत त्यांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं, इंग्रजी आणि थापा. आंबोलीचं धुकं एकदा इतकं दाट पडलं होतं की सरांनी त्याला सायकल टेकवून ठेवली आणि चहा प्यायला गेले. परत येईतो ऊन पडलं आणि सायकल धाडदिशी खाली आली, तेव्हापासून तिचं हॅण्डल वाकडं. हे ते हॅण्डलसकट दाखवायचे. पोरं हसायची, आणि हसता हसता 'लीन' म्हणजे टेकणे, या क्रियापदाची तिन्ही रूपं पाठ करून मोकळी व्हायची.

त्यांचा मुलगा अवधूत गेल्यावर सरांच्या थापा वाढल्या आणि त्यांच्या बायकोचं, मालनचं, बोलणं आटलं. एकाच घरात एक माणूस सारखं बोलत होतं आणि दुसरं मोबाइलमधले फोटो पुढेमागे सारत बसलं होतं. फोटो ढीगभर होते. पण सगळ्यांत अवधूत ओठ मिटून, गालफडं आत ओढून, दोन बोटं वर करून उभा.

"हा फोटोसाठी उभा राहिलाय हो," मालन एकदा म्हणाली. "घरात कोण असं उभं राहतंय? मला घरातला बघायचाय. एकदाच."



त्या जूनमध्ये शाळेत पुण्याहून खोकं आलं. आतल्या यंत्राचं नाव भारदस्त, वाचकदर्शी. पण दिसायला ते बाळाच्या टोपड्यासारखं. मऊ, कानांवरून खाली येणारं, हनुवटीखाली बंद बांधायचे. पोरांनी पहिल्याच दिवशी बारसं उरकलं आणि त्याला टोपडंच म्हणू लागली.

त्याची करामत अशी. माणूस आंबा डोळ्यांनी बघतो तेव्हा मेंदूच्या मागच्या अंगाची जी जागा जागी होते, तीच जागा 'आंबा' हा शब्द वाचतानाही जागी होते. फक्त मंद, वात खाली केलेल्या कंदिलासारखी. आणि जिथे जाग येते तिकडे रक्त धावतं. टोपड्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड कवटीच्या आत जायचा आणि परत येताना कुठे रक्त वाढलं त्याची खबर आणायचा. आधी प्रत्येकाला पुष्कळ चित्रं दाखवून टोपडं त्या डोक्याची ओळख करून घेई. मग त्या माणसाने काहीही वाचलं की त्याच्या मनात उमटलेलं समोरच्या पडद्यावर दिसे. वाक्यात कुणी चाललं तर पडद्यावरही चाले, वळलं तर वळे.

हे सगळं कशासाठी, तर इंग्रजीच्या पेपरातल्या वर्णनासाठी. पोरं गाइडमधून परिच्छेद घोकून यायची आणि जत्रा असो की रेल्वे स्टेशन, तेच उतरवायची. आता एकाने लिहायचं, दुसऱ्याने टोपडं घालून वाचायचं आणि वर्गाने पडद्याकडे बघायचं. शब्द चालतात की नुसतेच उभे राहतात ते तिथल्या तिथे कळणार.

पहिलं वर्णन आलं. "माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल. इट इज सराउंडेड बाय ग्रीन माउंटन्स." पडद्यावर दोन त्रिकोणी डोंगर उगवले. मध्ये अर्धा सूर्य, त्याच्या पायथ्याशी वाकडी नदी, कडेला कौलारू घर आणि आभाळात टिकमार्कासारखे पक्षी.

"सर, हे मी तिसरीत काढलेलं चित्र आहे!" वाचणारा पोरगा ओरडला.

"मीपण!" मागून आवाज आला.

लिहिणारा बदलला, वाचणारा बदलला, तरी डोंगर तेच. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, आपल्याकडं घनसाळ तांदूळ पिकतो. शिजायला लागला की शेजारचा माणूस ताट घेऊन येतो. काजूचं बोंड हातात फुटलं तर आठवडाभर बोटांना वास राहतो. आणि तुमच्या डोक्यात समोसे उभे केलेत होय रे डोंगर म्हणून? आजपासून 'ब्यूटिफुल' लिहील त्यानं वर्ग झाडायचा."

आठवडाभर वर्ग आरशासारखा लख्ख राहिला. मग हळूहळू झाडू कोपऱ्यात गेला.

तस्नीम माणगावकरने तिच्या दादीच्या हातांवर लिहिलं. काजू फोडून फोडून टरफलाच्या तेलाने दादीची बोटं काळी पडली आहेत, मेंदी लावली तरी रंग दिसत नाही. म्हणून ईदला ती तळव्यापुरतीच मेंदी लावते आणि दिवसभर मूठ मिटून बसते, जणू आत काही धरलंय. इंग्रजी मोडकंतोडकं, दोन क्रियापदं चुकलेली. पण वाचणाऱ्या पोराच्या डोक्यातून पडद्यावर एक म्हातारी मूठ आली. काळी, सुरकुतलेली, बोटांच्या फटीतून लाल दिसणारी.

सरांनी लाल पेन टोपण लावून खिशात ठेवलं. चुकलेली क्रियापदं तशीच राहिली.

तस्नीम जशी लिहायची त्याहून चांगली वाचायची. तिच्या डोक्यातली चित्रं सगळ्यांत स्वच्छ. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिचा भाऊ सायकलवरून न्यायला येईपर्यंत ती कॉम्प्युटरच्या खोलीत थांबायची. अशाच एका शनिवारी सरांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे वाच बघू. जुन्या बॅचच्या एका पोरानं लिहिलंय."

खोक्यावर एक सूचना छापलेली होती. स्वतःच्या आठवणीवर लिहिणाऱ्याने पडदा पाहू नये. सरांनी ती वाचली होती आणि सोडून दिली होती. निबंध तपासायचा, पण बघायचा नाही? इंग्रजीच्या मास्तरला कुणी असलं सांगतं का?

पडद्यावर राखाडी खांबासारखं काहीतरी उभं राहिलं. "ही वॉज टॉल. ही वॉज अ गुड बॉय." वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर सरांनी त्याला झाडू दाखवला असता.

अडचण इंग्रजीची नव्हती. अवधूत साधा मुलगा होता. साध्या माणसाचं वर्णन करणं देवाचं वर्णन करण्याहून अवघड. देवाला निदान चार हात तरी असतात. सर आठवडाभर आठवत राहायचे, लिहायचे, शनिवारी तस्नीमच्या डोक्यातून बघायचे आणि पुन्हा खोडायचे. शाळेतून आल्यावर तो उंबऱ्यात एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायातली चप्पल काढायचा, हात चौकटीला, दप्तर कोपरावर लोंबतंय, आणि तिथूनच विचारायचा, "आई, काय हाय खायला?" हे लिहिलं तेव्हा खांबाला पाय फुटले. उंबरा आला, चौकट आली, लोंबतं दप्तर आलं. पोरगा तोल सावरत एका पायावर उभा राहिला.

पण चेहऱ्याच्या जागी धुकं. सरळ नाक लिहून बघितलं, दाट भुवया लिहून बघितल्या, धुकं हलेना.

"सर, हा तुमचा मुलगा ना?" तस्नीमने टोपड्याचे बंद सोडत विचारलं.

"होय."

"चेहरा पायजे. चेहऱ्यात काहीतरी पायजे, सर. धरायला."

आणि मग धुक्याला सायकल टेकवणाऱ्या त्या हाताने एक वाक्य लिहिलं. तो हसला की आधी त्याचा तुटका दात दिसायचा.

अवधूतचा दात तुटका नव्हता. सरांना हे लिहिताना पक्कं ठाऊक होतं. वाक्य चांगलं होतं, एवढंच.

पुढच्या शनिवारी तस्नीमने ते वाचलं आणि धुकं एका झटक्यात फाटलं. उंबऱ्यातला पोरगा मान वळवून हसला. समोरचा दात कोपऱ्यातून उडालेला, डावा गाल किंचित वर चढलेला. जिवंत. अगदी अवधूत नव्हे, पण अवधूतला ज्या अंगाने हाक मारावी त्या अंगाने वळणारा. तस्नीमने तेच वाक्य चार-पाच वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी तो वळून हसला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मालन आली. ठेवणीतलं पातळ नेसून, जणू कुणाच्या घरी मुलगी बघायला निघाली आहे. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पडद्यावर उंबरा आला, पाय आला, दप्तर आलं. मग तो हसला.

मालनने पदर तोंडात कोंबला.

त्यानंतर ती दर शनिवारी येऊ लागली. तस्नीमसाठी डब्यात कधी घावण, कधी काजूची उसळ. "वाच बाळ, सावकाश वाच. घाई नाही मला." घर बोलतं झालं. भाजी निवडताना मालन गुणगुणू लागली, शेजारणीशी कुंपणावरून भांडूही लागली. आणि सरांना त्या भांडणासारखं गोड काही ऐकल्याचं आठवेना. एका वाक्यात एवढं मिळत असेल तर ते खरं का खोटं, हे विचारायला कोण जातंय?

एके दिवशी जेवताना ती सहज म्हणाली, "हापशावर पडला तेव्हा तुटला ना हो तो दात? मीच हळद दाबलेली. किती रक्त आलेलं!"

सरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"काय झालं? आठवत नाही तुम्हाला?"

"आठवतं की," सर म्हणाले.

जेवण झाल्यावर ते परसात जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटून अवधूतला शोधू लागले. पडद्यावरचा नव्हे, त्यांचा. तो लगेच आला, मान वळवून हसला, आणि दात तुटका होता. सरांनी मनातल्या मनात तो दात नीट केला. पुन्हा तुटला. दुसरी आठवण काढली. सहलीचा अवधूत, तुटका दात. सायकल शिकणारा अवधूत, तुटका दात. मोबाइल काढून बघितला, तर सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले.

गडहिंग्लजला इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. टोपडं बनवणाऱ्यांपैकी बर्डे मॅडम पुण्याहून आल्या होत्या. चहाच्या सुट्टीत सरांनी त्यांना बाजूला गाठलं.

"मॅडम, आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. त्यानं स्वतःच्या आठवणीवर लिहिलं आणि पडदा बघितला."

"किती वेळा?"

"पुष्कळदा. आणि आता त्याला मूळचं आठवतच नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. "विद्यार्थ्याचं वय काय, सर?"

"पंचावन्न."

त्या हसल्या नाहीत. "आठवण म्हणजे पेटीतलं लुगडं नव्हे, सर. काढलं, बघितलं, घडी घालून परत ठेवलं, असं नसतं ते. आठवण ही भिजवलेली कणीक आहे. काढली की मऊ पडते. मऊ असताना जे लागेल ते तिला चिकटतं आणि परत घट्ट होते ती त्याच्यासकट. समोर पडदा असतो तेव्हा ती मऊच असते. म्हणून सूचना छापली होती."

"मग मूळची कुठं असते?"

"मूळची वेगळी कुठेच नसते. कणीक तीच."

सरांनी बिस्कीट चहात धरलं. ते विरघळून खाली गेलं. "आणि पडद्यावरचा चेहरा? तो कुणाचा?"

"वाचणाऱ्याकडचा. लिहिणारा हाडं देतो, सर. मांस वाचणाऱ्याच्या घरचं."

एसटीतून परतताना सरांनी ठरवलं की मालनला सांगायचं. अर्ध्या वाटेत ठरवलं, आजऱ्याच्या स्टँडवर उतरताना पुन्हा ठरवलं. घरी आले तर ती उंबऱ्यात वाट बघत होती. "शनिवारी लाडू नेते त्या पोरीला. किती जीव लावून वाचते!" पोरगा एकदा गेला होता, तेव्हा घरात आठ दिवस चूल पेटली नव्हती. त्याला दुसऱ्यांदा न्यायचा, तोही आपल्या हाताने? सर हातपाय धुवायला निघून गेले.

शनिवारी त्यांनी यंत्र बिघडल्याचं सांगून बघितलं. मालन म्हणाली, "असू दे, नुसती बसते." आणि बंद पडद्यासमोर डबा मांडीवर घेऊन बसली. सरांना ते बघवेना. त्यांनी कुठलीशी वायर उगाच हलवली आणि म्हणाले, "झालं बघ."

तस्नीमने टोपडं बांधलं आणि वाचायला घेतलं. उंबरा आला. चौकट आली. तेवढ्यात दारात खडखड झाली.

तिच्या भावाच्या सायकलची चेन तुटली होती. एरवी तो फाटकाबाहेरून घंटी वाजवायचा, आज चालत आत आला. कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून यायचं नाही, हा शाळेचा नियम. म्हणून तो दारात एका पायावर उभा राहिला, हात चौकटीला लावला, दुसऱ्या पायातली चप्पल काढता काढता मान वळवून बहिणीकडे बघितलं आणि चेनने काळा झालेला एक हात दाखवत हसला.

समोरचा दात कोपऱ्यातून उडालेला होता.

मालन उठली. डबा मांडीवरून पडला, लाडू फरशीवर गडगडले. "अवधूत," ती म्हणाली. इतकं हळू, जणू मोठ्याने म्हटलं तर तो दचकून पळून जाईल.

पोरगा तसाच एका पायावर थबकला. "काकू, मी इर्शाद. तस्नीमचा भाऊ."

मालनने पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. तस्नीमने टोपडं ओढून काढलं. पडदा काळा झाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काकू, मी मुद्दाम नाही केलं. सरांनी तुटका दात लिहिला. तुटक्या दाताचा मला हा एकटाच माहीत होता."

मालन पुढे गेली आणि इर्शादच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला.

"कशानं तुटला रे?"

"बॉल लागला, काकू. क्रिकेटचा."

"दुखलं असेल."

"लई."

"हं." तिने हात काढला. मग सरांकडे वळून, बाजारातून काय आणायचं ते विचारावं तशी म्हणाली, "हा ह्याचा झाला. आपल्याचा कसा तुटलेला? सांगा की."

सांगून टाकायची हीच वेळ, हे सरांना कळत होतं. पण तिचा चेहरा असा उघडा पडला होता की त्यावर आधी काहीतरी पांघरावं एवढंच त्यांना सुचलं. आणि पांघरायला त्यांच्याजवळ एकच वस्त्र होतं.

"हापशावर गं," ते म्हणाले. "चौथीत असताना. शाळेच्या मागचा हापसा, दांडा जड. हा त्याला लोंबकळायचा, माकडासारखा. मी किती वेळा सांगितलेलं. त्या दिवशी पाण्यानं शेवाळ धरलेलं, पाय सटकला आणि दांडा वर आला तो तोंडावर. मी वर्गावर होतो, पोरं धावत आली. शर्ट सगळा लाल. पण रडला नाही हां. मुठीत दाताचा तुकडा घट्ट धरून ठेवलेला, म्हणे आईला दाखवायचाय. तू दारातच होतीस. हळद आणलीस, बोटानं दाबलीस, आणि तो तुझं बोट चावला..."

गोष्ट रंगली होती. सांगता सांगता सरांना हापसा दिसत होता, शेवाळ दिसत होतं, मुठीतला तुकडा दिसत होता. यातलं काय लिहिलेलं आणि काय घडलेलं, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. तस्नीम ऐकत होती. इर्शाद एक चप्पल हातात घेऊन ऐकत होता.

मालनही ऐकत होती, पण तिचे डोळे कुणाकडेच नव्हते. तिचा उजवा हात आपोआप उचलला गेला होता. अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, जणू त्यांत चमचा आहे. तो हात हवेत पुढे गेला, कशाला तरी टेकला, थोडा वर सरकला, थोडा बाजूला. जागा शोधत राहिला. सापडली नाही.

"थांबा," ती म्हणाली.

सर थांबले.

"शेवटच्या दिवशी दातखीळ बसलेली त्याची. तुम्ही गाडी बघायला गेलेला. मी चमच्यानं पाणी घालत होते. इकडनं बघितलं, तिकडनं बघितलं. चमच्याचं टोकसुद्धा शिरंना. सगळं पाणी गळ्यावरनं उशीत." तिचा हात अजून हवेत होता. "कुठं फट नव्हती हो. सगळे दात गच्च. एकाला एक लागलेले."

"मालन..."

"खोटं सांगताय तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. "दात तुटका असता तर घोटभर पाणी गेलं असतं पोटात."